तलावाकाठी वीस जणांचा तळ: सामानाच्या आधी नावांची यादी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच कुटुंबांतील 11 मोठी माणसे आणि 3 ते 13 वर्षे वयाची 9 मुले डोंगरातील एका तलावाकाठी दोन रात्री तंबूत राहणार आहेत, मोठ्यांपैकी चौघांनीच यापूर्वी तंबूत रात्र काढलेली आहे, तरी सोबत काय काय न्यावे याची यादी हवी आहे. यादीतील महत्त्वाच्या गोष्टी पुढे ओघाने येतीलच. परंतु बरीच वर्षे असे कौटुंबिक तळ लावल्यावर माझे मत असे झाले आहे, की सामान विसरल्यामुळे सहल क्वचितच बिघडते. एखादे काम नेमके कोणाचे होते हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ती बिघडते. एका सहलीत आमच्याकडे मिठाचे पाच पुडे निघाले आणि काडेपेटी एकही निघाली नाही. ती गोष्ट आम्ही अजून हसत सांगतो. दुसऱ्या एका तळावर पाच वर्षांची मुलगी दहा-बारा मिनिटे कोणाच्याच नजरेसमोर नव्हती, कारण आईला वाटत होते ती वडिलांजवळ आहे आणि वडिलांना वाटत होते ती मावशीच्या तंबूत आहे. ती पाण्यापासून चार पावलांवर दगड रचत बसलेली सापडली. ही गोष्ट मात्र आम्ही हसत सांगत नाही.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 1968 सालचा एक प्रयोग या संदर्भात आठवतो. वेगवेगळ्या खोल्यांत बसून यंत्रावरून एकमेकांशी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना, बोलता बोलता त्यांच्यातील एकाला झटका आल्याचे ऐकवण्यात आले. ते ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी 85 टक्के जण मदतीसाठी उठले. आपल्याखेरीज आणखी चौघे हे ऐकत आहेत असा ज्यांचा समज होता, त्यांच्यापैकी केवळ 31 टक्के उठले. ही माणसे निष्ठुर नव्हती. प्रत्येकाने आपल्या वाट्याची जबाबदारी मनातल्या मनात पाच जणांत विभागून टाकली होती. तलावाकाठी 11 मोठी माणसे गप्पा मारत बसलेली असतात तेव्हा मुलांवर 22 डोळे आहेत असे प्रत्येकाला वाटते, आणि पुष्कळदा त्यांतील एकही डोळा मुलांवर नसतो.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व मोठ्यांनी एकदा एकत्र बसावे आणि पाच कामांपुढे नावे लिहावीत: पाण्यावरील पहारा, चूल आणि शिधा, पिण्याचे पाणी, औषधे आणि प्रथमोपचार, व हवामान आणि परतीचा निर्णय. प्रत्येक कामाला एक मुख्य नाव आणि एक पर्यायी नाव असावे, कारण मुख्य माणूस झोपणार आहे, आंघोळीला जाणार आहे, कदाचित आजारीही पडणार आहे. ‘ते आपण सगळे मिळून करू’ असे त्या बैठकीत कोणी म्हटले, तर ते काम अजून कोणाकडेच गेलेले नाही असे समजावे. शेवटचे काम, म्हणजे परतीचा निर्णय, अनुभवी चौघांपैकी एकाकडे द्यावे आणि त्याचा निर्णय मतदानावर ठेवू नये. आभाळ भरून येत असताना 11 जणांची चर्चा अर्धा तास चालते, आणि तेवढ्या वेळात निम्मे तंबू आवरून होतात.

जागा निवडताना तलाव नैसर्गिक आहे की बांध घालून केलेला आहे, हे आधी विचारून घ्यावे. बांधाच्या जलाशयातील पाण्याची पातळी वर पावसाची सर नसतानाही बदलू शकते, आणि पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला काठ वरून कोरडा दिसला तरी खाली चिखलाचा असतो; त्यावर मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो. हिमनदीने कोरलेल्या खोलगट कुंडातील तलावांचा दोष वेगळाच: त्यांचा काठ दोन-तीन पावले उथळ असतो आणि मग तळ एकदम खाली जातो. तेथे राहण्यास, पोहण्यास आणि आग पेटवण्यास परवानगी आहे का, हे तिन्ही प्रश्न त्या जागेची देखरेख करणाऱ्यांना स्वतंत्रपणे विचारावेत, कारण एकाचे उत्तर होकारार्थी आले म्हणून बाकीच्यांचे तसे येईलच असे नाही. पहिल्या सहलीसाठी गाडी तळापासून हाकेच्या अंतरावर उभी राहील असाच तलाव निवडावा, असा माझा आग्रह आहे. तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एक किलोमीटर चालणे अवघड नसते. परंतु त्याच हातांनी तंबू, पाण्याचे डबे आणि वीस जणांचा शिधा वाहायचा असतो, आणि वेळ आली तर आजारी मुलाला अंधारात गाडीपर्यंत न्यायचे असते.

तंबू पाण्याच्या अगदी काठावर लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पाण्यापासून निदान 60 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे 80 पावले, दूर राहावे आणि शक्य असेल तर थोडे उंचावर जावे. यामागे काठावरील झाडोरा आणि पाणवठ्यावर येणारी जनावरे यांचा विचार आहेच, पण आपल्या सोयीचाही आहे. सूर्य मावळल्यावर उतारावरील हवा थंड होऊन जड होते, घरंगळत खाली येते आणि तलावाच्या खळग्यात साचते. त्यामुळे काठावरचा तंबू पहाटेपर्यंत दवाने चिंब होतो, तर वीस-पंचवीस मीटर उंचीवरचा पुष्कळ कोरडा राहतो. शिवाय झोपेतून उठून बाहेर पडलेले मूल आणि पाणी यांच्यात 80 पावलांचे अंतर राहते. तंबूंची तोंडे एकमेकांकडे वळवून अर्धवर्तुळ करावे आणि चूल त्याच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडावी. तंबू ठोकण्यापूर्वी मान वर करून पाहावे. वाळलेली किंवा मोडून लोंबकळणारी फांदी असलेल्या झाडाखाली कितीही दाट सावली असली तरी तेथे झोपू नये.

आता पाण्याविषयी, कारण या सहलीत खरा धोका एवढाच आहे आणि खरा आनंदही त्यातच आहे. बुडणारे माणूस हात वर करून ओरडते, ही आपली समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या प्रत्यक्ष चित्रफितींचा अभ्यास करून दाखवले, की अशा माणसाचे तोंड पाण्याच्या वर येते ते जेमतेम श्वास घेण्यापुरते. ओरडायला त्याच्यापाशी श्वासच उरलेला नसतो. हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, त्यामुळे ते हलवून खूण करता येत नाही. शरीर उभे राहते आणि 20 ते 60 सेकंदांत ते पाण्याखाली जाते. मागे वळून चहाचा कप भरून घ्यायलाही एवढा वेळ लागतो. मुलांचा गलबला चालू असेपर्यंत काळजीचे कारण कमी असते. त्यांतील एखादे अचानक गप्प झाले, डोके मागे टाकून उभेच्या उभे तरंगू लागले, तर हाक मारून पाहावी आणि उत्तर आले नाही तर त्याच क्षणी पाण्यात शिरावे.

डोंगरातील तलावाचे पाणी वरून फसवे असते. उन्हाने वरचा थर तापतो, तो हलका असल्यामुळे वरच राहतो, आणि त्याखालचे पाणी एकदम गार लागते. उंचावरील खोल तलावांच्या तळाशी तर ते 4 अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकते, कारण पाणी त्या तापमानाला सर्वांत जड असते. साधारण 15 अंशांपेक्षा गार पाण्यात एकदम उडी मारली की माणूस नकळत धापकन श्वास आत ओढतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. थंड पाण्याचा अभ्यास करणारे कॅनडाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी 1-10-1 असा एक आडाखा दिला आहे: बर्फासारख्या पाण्यात पडलेल्या मोठ्या माणसाला श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट लागते, हातपाय उपयोगी पडतील अशी सुमारे 10 मिनिटे मिळतात आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. मुलांचे शरीर याहून लवकर गारठते, कारण वजनाच्या मानाने त्यांची त्वचा अधिक असते. तेव्हा सूर मारणे पूर्णपणे बंद ठेवावे. चालत, हळूहळू, कमरेपर्यंतच आत जावे. आणि ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की मूल कितीही रडले तरी त्याला बाहेर काढून कोरडे कपडे घालावेत.

पहाऱ्याची पद्धत मी अशी ठेवतो. मुले पाण्यात किंवा काठावर असतील तोपर्यंत दोन मोठी माणसे पहाऱ्यावर असतात, गळ्यात शिटी आणि डोक्यावर ठरलेली रंगीत टोपी असते. टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून ‘आता पहारा तुमचा’ असे तोंडाने म्हटल्याशिवाय पहारा सुटत नाही. पाळी 20 मिनिटांची असते. त्यापुढे लक्ष टिकत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. टोपी घातलेल्या माणसाने मोबाइल हातात घ्यायचा नाही, मद्य घेतलेल्याने टोपी घालायची नाही, आणि टोपीवाले दोघे नसतील तेव्हा कोणतेही मूल पाण्याजवळ जायचे नाही. सात वर्षांखालील मुलांना आणि पोहता न येणाऱ्या सर्वांना काठावर खेळतानाही लाइफ जॅकेट घालावे. ते अंगावर बसते का, हे पाहण्यासाठी मुलाला खांद्यांवरील पट्ट्यांना धरून उचलावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे. लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. हवा भरलेली चक्रे आणि गाद्या ही खेळणी आहेत, बचावाची साधने नव्हेत. दुपारी तलावावर वारा उठला की त्या मुलासकट आत वाहून जातात, म्हणून मी त्या नेऊच देत नाही. पाण्यातला वेळ सकाळी, ऊन अंगावर आल्यावर आणि वारा सुटण्यापूर्वी ठेवावा.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याच्या गावाचा अंदाज पाहून कपडे भरणारे पहाटे कुडकुडतात. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे छापलेले असतात. त्यांतील ‘आरामाचा’ आकडा धरावा, ‘मर्यादेचा’ नव्हे, कारण मर्यादेच्या तापमानाला माणूस पाय पोटाशी घेऊन कशीबशी रात्र काढतो. त्याहूनही महत्त्वाची असते ती खालची मॅट. अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा राहत नाही आणि जमीन रात्रभर ऊब शोषत राहते; पांघरूण एक कमी असले तरी चालेल, मॅट मात्र प्रत्येकाला हवीच. मुलाला मोठ्याच्या बॅगेत झोपवायचे असेल तर पायाकडचा मोकळा भाग दुमडून बांधून टाकावा, नाहीतर ती सगळी पोकळी त्याच्या एवढ्याशा अंगाला तापवावी लागते. ‘चार जणांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू तिघांचा समजावा. त्याच्या झडपा थंडीतही थोड्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर श्वासातील वाफ कापडावर गोठून सकाळी सर्वांच्या अंगावर ठिबकते.

तळ 2500 मीटरपेक्षा उंच असेल तर विरळ हवेचाही विचार करावा लागतो. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा आणि शक्य झाल्यास आदली रात्र मधल्या उंचीवर काढावी. लहान मुलांना डोके दुखते हे सांगता येत नाही. ती किरकिर करतात, खात नाहीत, उलटी करतात, झोपत नाहीत. प्रवासाचा शीण समजून याकडे दुर्लक्ष होते. त्या उंचीवर ही लक्षणे दिसली तर त्यांचे कारण उंची हेच आहे असे गृहीत धरावे आणि ती वाढत असतील तर रात्रीचा विचार न करता खाली उतरावे. उन्हाचा जाचही उंचीबरोबर वाढतो. दर 1000 मीटरला अतिनील किरणे सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, त्यात पाण्यावरून परावर्तन होते, आणि हवा गार असल्यामुळे कातडी भाजल्याचे संध्याकाळपर्यंत कळत नाही.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला 4 लिटर धरले तर तुम्हांला रोज 80 लिटर पाणी लागेल. स्वच्छ दिसणाऱ्या तलावातही जनावरांच्या विष्ठेतून आलेले जंतू असतात. ते पाणी खळखळून 1 मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर 3 मिनिटे, उकळावे, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळते. क्लोरीनच्या गोळ्या घाईच्या वेळी उपयोगी पडतात, परंतु काही परजीवींवर त्यांचा परिणाम होत नाही. पाण्यावर हिरवी-निळी साय किंवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर मात्र ते पाणी उकळूनही पिऊ नये आणि त्यात मुलांना उतरवूही नये. त्या शैवालसदृश जिवाणूंचे विष उकळल्याने नष्ट होत नाही.

शौचाची सोय नसेल तर पाण्यापासून आणि तळापासून 60 मीटरपेक्षा दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा खणून नंतर तो मातीने बुजवावा. वीस जणांसाठी दिशा आणि जागा आधीच ठरवून रात्रीसाठी वाटेवर दोरी बांधावी. नाहीतर मुले अंधाराला भिऊन तंबूमागेच बसतात, आणि खरे सांगायचे तर मोठेही बसतात. तेथून परतणारा प्रत्येक हात साबणाने धुतला गेला पाहिजे. असे तळ आजारी पडतात ते तलावाच्या पाण्यापेक्षा अस्वच्छ हातांनी. साबण मात्र, तो ‘निसर्गस्नेही’ असला तरी, तलावात जाऊ देऊ नये. धुण्याचे पाणी दूर मातीत ओतावे.

स्वयंपाक साधा ठेवावा, पहिल्या रात्रीचे जेवण घरूनच तयार करून न्यावे आणि चुलीभोवती दोन मीटरचे रिंगण आखून त्यात मुलांना मज्जाव करावा. अन्नाचा एकही कण तंबूत ठेवू नये. सगळा शिधा रात्री बंद गाडीत जावा. शेकोटीला परवानगी असेल तर झोपण्यापूर्वी ती पाणी ओतून, ढवळून, राखेला हाताचा पंजा लावता येईल इतकी थंड करावी. थंडी कितीही वाढली तरी स्टोव्ह किंवा धगधगते निखारे तंबूत नेऊ नयेत, तंबूची झडप उघडी ठेवूनही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, आणि त्याने होणारी डोकेदुखी, मळमळ व गुंगी उंचीच्या त्रासासारखीच भासते, म्हणून ती ओळखता येत नाही.

विजेबाबत ठाम नियम असावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 3 सेकंदांमागे साधारण 1 किलोमीटर अंतर होते. हे अंतर 30 सेकंद किंवा त्याहून कमी भरले की सर्वांनी पाण्यातून, काठावरून आणि एकट्या झाडाखालून निघून गाड्यांत बसावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तेथेच राहावे. तंबू विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही. गाडी जवळ असावी असा आग्रह मी धरला, त्याचे हेही एक कारण आहे.

मूल वाट चुकण्याची शक्यता धरून चालावे. 1981 साली अमेरिकेत डोंगरात हरवलेल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर शोधपथकातील लोकांनी मुलांसाठी एक शिकवण सुरू केली: वाट चुकलास तर चालू नकोस, जवळच्या झाडाला मिठी मार आणि तेथेच थांब. ही शिकवण मुलांना पोहोचल्याबरोबर खेळ म्हणून करून दाखवावी. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असावी आणि तीन शिट्ट्या म्हणजे ‘मला शोधा’ हे पाठ असावे. खेळात शिटी वाजवली तर त्या दिवसापुरती ती काढून घेतली जाईल, असे मी सांगतो, आणि एकदा तरी ती काढून घ्यावी लागतेच. याखेरीज वीसही जणांना 1 ते 20 असे क्रमांक द्यावेत आणि जेवणापूर्वी, पाण्यातून आल्यावर व झोपण्याआधी ते क्रमाने म्हणून घ्यावेत. मोठ्यांनी डोकी मोजण्यापेक्षा हे खात्रीचे असते, कारण धावणारी मुले मोजणीत दोनदा येतात, आणि आकडा अडला की नेमके कोण नाही हे लगेच कळते.

औषधे सांभाळणाऱ्याने प्रत्येक मुलाचे वजन, ॲलर्जी आणि नेहमीची औषधे एका कागदावर लिहून आणावीत, कारण तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि ऐन वेळी ते वजन कोणालाच आठवत नाही. जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि तळावर मोबाइलला रेंज येते का, हे आधी पाहावे. येत नसेल तर ती कोठवर मिळते ते ठिकाण जाताना हेरून ठेवावे. आपण कोठे आहोत आणि कधीपर्यंत परतणार आहोत, हे घरी राहिलेल्या एका माणसाला लिहून द्यावे. उरलेल्या सामानात माणशी एक डोक्यावरची बॅटरी, प्रत्येक मुलासाठी कपड्यांचे दोन जास्तीचे कोरडे संच, एक मोठी ताडपत्री, दोर आणि जास्तीच्या खुंट्या एवढे न विसरता घ्यावे. बाकी काही राहिले तरी दोन रात्री निभावतात.

परतीच्या सकाळी तंबू आवरले की मुलांना हाताच्या अंतरावर एका ओळीत उभे करावे आणि तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जमिनीकडे पाहत, हळूहळू चालवावे. खुंट्या, बाटल्यांची झाकणे, कागदाचे कपटे मोठ्यांच्या नजरेतून सुटतात, मुलांच्या सुटत नाहीत. मग सर्वांना गाड्यांपाशी बोलावून क्रमांक म्हणायला लावावेत, आणि विसावा आकडा ऐकू येईपर्यंत पहिली गाडीसुद्धा सुरू करू नये.